नवी पॉइंट टू-टू रायफल पहिल्यांदा रेंजवर नेताना

परवान्यावर नोंद होऊन नवी रायफल घरी आली की आपल्या मराठवाड्यात बहुतेक घरांत आधी तिची पूजा होते आणि त्यात गैर काहीच नाही. फक्त हळदकुंकू लाकडी दस्त्याला लावावे, बोल्टला (काडतुसामागे नळी बंद करणाऱ्या सरकत्या पोलादी दांड्याला) किंवा नळीच्या तोंडाला लावू नये, आणि नारळ रायफलीपासून चार हात दूर फोडावा. एका खंडेनवमीनंतर एका नवख्या मुलाने माझ्यासमोर बोल्ट बाहेर काढला, तेव्हा त्याच्या खाचेत तेलात कालवलेले कुंकू घट्ट बसले होते आणि नारळाचे पाणी जिथे उडाले होते तिथे पोलादावर तांबूस ठिपके उठले होते. जुना टूथब्रश आणि सुती चिंधी घेऊन आम्ही दोघांनी ते अर्धा तास साफ केले. त्याचा रेंजवरचा पहिला दिवस असा घासण्यापासून सुरू झाला.

हा लेख अशाच नवख्यांसाठी आहे. ज्यांच्याकडे .२२ (पॉइंट टू-टू) लाँग रायफल जातीचे काडतूस वापरणारी, एकेक काडतूस भरून बोल्ट बंद करावा लागतो अशी रायफल नुकतीच आली आहे, आणि ज्यांनी आजवर बहुधा हॉलमधल्या १० मीटरच्या रेंजवर एअर रायफल चालवली आहे, त्यांना डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये (गुडघ्यावर, पालथे झोपून आणि उभे राहून नेम धरायच्या प्रकारात) कांस्यपदक मिळवले, तेव्हापासून माझ्याकडे येणारे पालक 'एअर रायफल झाली, आता पुढची कधी?' असे विचारू लागले आहेत. पुढची घ्यायला हरकत नाही, पण एक गोष्ट आधी मनाशी पक्की करावी. रेंजवरचा पहिला दिवस नेमबाजाच्या गुणांचा नसतो. त्या दिवशी रायफल तपासायची असते आणि शेजारच्या जागेवर पालथे झोपून नेम धरणाऱ्या माणसाला आपली धास्ती वाटू नये एवढ्या सवयी हाताला लावायच्या असतात. पन्नास गोळ्यांत हे काम होते, दोनशे गोळ्यांनी ते बिघडते.

कागदपत्रे

एअर रायफलवरून आलेल्यांचा पहिला गोंधळ इथे होतो. ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० जूलपेक्षा कमी ऊर्जेच्या एअर रायफलला शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे परवाना लागत नाही, त्यामुळे मुले ती पाठीवर टाकून रिक्षाने सरावाला जातात. .२२ रायफल हे मात्र शस्त्र अधिनियम, १९५९ खालचे पुरेपूर अग्निशस्त्र आहे आणि आवाज लहान असला तरी कायद्यापुढे ते लहान नाही. छत्रपती संभाजीनगर शहरात पोलीस आयुक्त आणि इतर जिल्ह्यांत जिल्हादंडाधिकारी परवाना देतात. घरातून निघण्यापूर्वी परवान्यात चार गोष्टी स्वतः वाचाव्यात: रायफलीचा क्रमांक नळीवरच्या क्रमांकाशी अंकान् अंक जुळतो का, मुदत केव्हा संपते, एका वेळी किती काडतुसे जवळ बाळगता येतात, आणि परवाना कोणत्या क्षेत्रापुरता आहे. शेवटची बाब मराठवाड्यातल्या माणसाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे, कारण ५० मीटरच्या सुसज्ज रेंजसाठी आपल्याला पुष्कळदा पुण्याच्या बालेवाडीपर्यंत जावे लागते, आणि जिल्ह्यापुरता परवाना घेऊन जिल्ह्याची हद्द ओलांडणे हा गुन्हा आहे.

मूळ परवाना सोबत ठेवावा. अधिनियमाच्या कलम १९ प्रमाणे पोलीस अधिकारी तो रस्त्यात पाहायला मागू शकतो आणि मोबाइलमधला फोटो दाखवून त्याचे समाधान होईलच असे नाही. रायफल संघटनेचे सदस्यत्वपत्र आणि रेंजने दिलेली त्या दिवसाची वेळ यांच्या प्रतीही पिशवीत असाव्यात. निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवानाधारकांकडची शस्त्रे जमा करण्याचे आदेश निघतात. स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूंना त्यातून सूट मागता येते, पण ती आपोआप लागू होते असे गृहीत धरून कोणीही रायफल घेऊन बाहेर पडू नये, आधी पोलीस ठाण्यात लेखी विचारणा करावी.

अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाच्या हौसेपायी वडिलांनी स्वतःच्या नावावर रायफल घेतली, असेही आपल्याकडे होते. एकवीस वर्षे पूर्ण झाल्याखेरीज स्वतःचा परवाना मिळत नाही, आणि त्याआधी सराव करायचा तो प्रशिक्षकाच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच. वडिलांच्या परवान्यावर मुलाने एकट्याने रायफल उचलून रेंजवर जाणे बेकायदा आहे, मग तो कितीही चांगला नेमबाज असो.

आदल्या संध्याकाळी

कारखान्यातून आलेल्या रायफलीच्या नळीत गंज लागू नये म्हणून तेलाचा किंवा ग्रीसचा थर असतो. इशापूरच्या सरकारी कारखान्यातली रायफल असो की जर्मनीहून आलेली वाल्थर किंवा आन्शुत्झ, हा थर काढल्याशिवाय पहिली गोळी झाडू नये. तेल असलेल्या नळीतून गेलेल्या गोळ्या कुठेही लागतात आणि नवखा माणूस त्याचा दोष माशीला (नळीवरच्या नेम धरायच्या खुणेला) देऊन तिचे स्क्रू फिरवत बसतो.

हे काम संध्याकाळी, घरात एकही काडतूस जवळ नसताना, सतरंजीवर बसून करावे. बोल्ट मागे ओढून काढून घ्यावा, कक्ष (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते ती जागा) रिकामा असल्याचे डोळ्यांनी पाहावे आणि करंगळीच्या टोकाने चाचपावे. डोळा फसतो, बोट फसत नाही. मग सफाईच्या सळईला कोरडी सुती चिंधी लावून ती नेहमी मागच्या बाजूने, म्हणजे कक्षाकडून नळीच्या तोंडाकडे न्यावी. तोंडाकडून सळई घातली तर गोळी बाहेर पडते त्या कडेला ओरखडा पडतो, आणि गोळीला शेवटचा स्पर्श त्या कडेचाच होत असल्याने एवढासा ओरखडाही नेम कायमचा बिघडवतो. चिंधी तोंडातून बाहेर आली की काढून टाकावी आणि तीच मळकी चिंधी परत आत ओढू नये. चार-पाच चिंध्यांनंतर ती कोरडी आणि जवळजवळ पांढरी येऊ लागली की पुरे. नवी नळी चकचकीत करण्याच्या नादात पितळी ब्रश घासत राहणाऱ्यांची मला नेहमी काळजी वाटते. पॉइंट टू-टूच्या नळ्या गोळ्या झाडून झिजण्यापेक्षा अनाडी सफाईने जास्त खराब होतात.

मग स्क्रू. दस्ता आणि नळी यांना जोडणारे स्क्रू पुस्तिकेत दिलेल्या नेमक्या ताकदीने आवळलेले हवेत. त्यासाठी ताकद दाखवणारा पाना मिळतो. तो स्वतःकडे नसेल तर प्रशिक्षकाकडे मागावा, सायकलचा पाना वापरू नये. डायॉप्टर (मागे बसवलेले, बारीक छिद्रातून नेम धरायचे साधन) किंवा दुर्बीण बसवली असेल तर तिचे स्क्रूही तपासावेत. रायफल खांद्याला लावून दस्त्याची लांबी आणि गालाखालचा आधार घरीच जुळवून घ्यावा, कारण रेंजवर दहा माणसे पाहत असताना नवखा माणूस घाईने हे उरकतो आणि मग दिवसभर मान वाकडी करून नेम धरतो. डोळे मिटून गाल टेकवावा आणि उघडावेत. मागच्या छिद्रातून पुढची माशी मध्यभागी दिसली तर मांडणी बरोबर आहे. दिसण्यासाठी मान हलवावी लागत असेल तर मान नव्हे, गालाचा आधार हलवायचा.

बहुतेक नवखे रिकाम्या रायफलीवर चाप ओढून सराव करतात. एअर रायफलीला तशी सोय असते. पॉइंट टू-टूत मात्र ठिणगी देणारे मिश्रण काडतुसाच्या बुडाच्या कडेत भरलेले असते आणि फायरिंग पिन त्या कडेवर आपटते, त्यामुळे कक्ष रिकामा असला तर काही रायफलींत ती पिन थेट कक्षाच्या काठावर आदळून तिथे खळगा पाडते. पुस्तिकेत स्पष्ट परवानगी नसेल तर प्लॅस्टिकचे खोटे काडतूस घालूनच चाप ओढावा.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. सुरक्षिततेसाठी मी बोल्ट आणि रायफल वेगवेगळ्या कपाटांत कुलूप लावून ठेवतो आणि ही सवय चांगलीच आहे. एका डिसेंबरात जालन्याहून पहाटे साडेतीनला निघून मी जवळपास तीनशे किलोमीटरवर पुण्याच्या रेंजवर पोचलो, पेटी उघडली, आणि बोल्टच्या खाचेत फक्त फेस दिसला. बोल्ट जालन्याच्या कपाटात कुलपात सुखरूप होता. तेव्हापासून गाडीची किल्ली मी आदल्या रात्री बोल्टच्या कपाटातच ठेवतो.

काडतुसे

नळीवर काय कोरले आहे ते वाचावे आणि खोक्यावरही तेच छापलेले असल्याची खात्री करावी. .२२ लाँग रायफल, .२२ शॉर्ट आणि .२२ मॅग्नम यांच्या नावात .२२ सारखे असले तरी ती वेगळी काडतुसे आहेत, आणि मॅग्नमच्या कक्षात लाँग रायफलचे काडतूस सैल बसून फुटू शकते. सरावाच्या आणि स्पर्धेच्या काडतुसांतली गोळी साधारण ४० ग्रेन, म्हणजे २.६ ग्रॅम वजनाची असते आणि ती मुद्दाम आवाजाच्या वेगापेक्षा थोड्या कमी वेगाने, सेकंदाला ३२० ते ३३० मीटरच्या आसपास सोडलेली असते. 'हाय व्हेलॉसिटी' लिहिलेले खोके पाहून नवख्याला ते अधिक चांगले वाटते. कागदी टार्गेटवर त्याचा काही उपयोग नाही, उलट नेम पसरतो.

पहिल्या दिवसासाठी एकाच बनावटीची आणि एकाच लॉटची पन्नास काडतुसे न्यावीत आणि मिळाली तर दुसऱ्या बनावटीची वीस. प्रत्येक नळीला एखादा लॉट मानवतो आणि दुसरा मानवत नाही. एली, एसके, लापुआ ही नावे नेमबाजांच्या तोंडी असतात, पण तुमच्या रायफलीला काय मानवेल हे खोक्याच्या किमतीवरून कळत नाही, ते कागदावरच्या छिद्रांवरून कळते.

या गोळ्यांवर मेणासारखा थर असतो. मे महिन्यात बीड-परभणीकडच्या उन्हात बंद गाडीत खोके तासभर राहिले की तो वितळून पातळ होतो, बोटांना चिकटतो आणि त्यावर आपली काळी धूळ बसते. धूळ लागलेली गोळी नळीत घालणे म्हणजे पॉलिश पेपर फिरवणे. खोके भाकरी ठेवतो तशा जाड कापडात गुंडाळून सीटवर सावलीत ठेवावे, आणि जमिनीवर पडलेले काडतूस पुसून पुन्हा वापरण्याचा मोह टाळावा.

वाटेत

रायफल रिकामी, बोल्ट काढलेला किंवा उघडा, कक्षात चटकन दिसणाऱ्या रंगाचा सेफ्टी फ्लॅग (कक्ष रिकामा असल्याची खूण), आणि सगळे कुलपाच्या पेटीत. काडतुसे वेगळ्या पिशवीत. नाकाबंदीला गाडी थांबवली तर आधी तोंडाने सांगावे की गाडीत परवान्याची क्रीडा रायफल आहे आणि ती रिकामी आहे, आणि सांगितल्याशिवाय पेटीला हात लावू नये. चहाच्या टपरीवर ओळखीचा कोणी 'दाखवा की जरा' म्हणाला तरी पेटी उघडायची नाही. आपल्याकडे बंदूक हा मिरवायचा जिन्नस समजला जातो, आणि लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणाऱ्यांनी सगळ्याच परवानाधारकांना बदनाम केले आहे. २०१९ च्या दुरुस्तीने अशा बाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे.

शेताच्या बांधावर डबा ठेवून 'जरा तपासून बघू' हा दुसरा मोह. पॉइंट टू-टूची गोळी दीड किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते, कडक जमिनीवरून किंवा दगडावरून उडून भलतीकडे वळते, आणि मागे मातीचा उंच बंधारा नसलेले रान म्हणजे रेंज नव्हे. तुरीच्या पिकाच्या पलीकडे कोण खुरपत बसले आहे हे माशीतून दिसत नाही. रोही आणि रानडुकरे पिकांची नासाडी करतात हे खरेच आहे, पण त्यांच्यावर क्रीडा रायफल चालवणे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली थेट अटकेकडे नेते. हा विषय इथेच संपवतो.

रेंजवर पोचल्यावर

पेटी उघडण्यापूर्वी रेंज ऑफिसरला भेटावे आणि रायफल नवी आहे, पहिल्यांदाच चालवणार आहे, असे स्पष्ट सांगावे. यात कमीपणा नाही, उलट ते तुम्हाला कडेची जागा देतात आणि नजर ठेवतात. पेटी फायरिंग पॉइंटवर, नळीचे तोंड टार्गेटकडे येईल अशा रीतीने ठेवूनच उघडावी. प्रेक्षकांच्या बाजूला उघडून रायफल उचलून वळवत आणणे ही नवख्यांची सर्वांत नेहमीची चूक आहे, आणि रिकाम्या रायफलीचे तोंडही माणसांवरून फिरवले तर अनुभवी लोक तुमच्या शेजारी बसायला तयार होत नाहीत.

हुकूम बहुतेक रेंजवर इंग्रजीतच असतात. 'लोड' म्हटल्याशिवाय काडतूस हातात घ्यायचे नाही, 'स्टार्ट' म्हटल्यावर सुरुवात, 'स्टॉप' ऐकताच बोट चापावरून बाजूला, आणि 'अनलोड' म्हटले की बोल्ट उघडा, कक्ष रिकामा, फ्लॅग आत. 'स्टॉप' हा शब्द कोणीही, अगदी पाणी द्यायला आलेल्या मुलानेही, ओरडला तरी तो हुकूमच समजावा. कोणी टार्गेट बदलायला पुढे गेले असेल तेव्हा रायफलीला हात लावायचा नाही, काडतुसांशी चाळा करायचा नाही, नुसते मागे सरकून उभे राहायचे.

कानाला बोंडे किंवा मफ आणि डोळ्यांना चष्मा लावावाच. आवाज बारीक वाटतो म्हणून लोक कान उघडे ठेवतात आणि वीस वर्षांनी बायकोचे बोलणे ऐकू येत नाही असे सांगतात. त्यातले निम्मे खरे असते.

आधारासाठी वाळूची पिशवी न्यावी. जुन्या जीन्सचा पाय कापून दोन्ही तोंडे शिवली आणि आत चाळलेली कोरडी वाळू भरली तर उत्तम पिशवी होते. एकाने ज्वारी भरून आणली होती, ती हलकी आणि मऊ होती खरी, पण पुढच्या महिन्यात घरी उंदरांनी तिचा फडशा पाडला.

पहिल्या गोळ्या

थेट ५० मीटरवर सुरुवात करू नये. नवीन माशीचा रोख कुठे आहे हे ठाऊक नसताना ५० मीटरवर गोळी कागदाबाहेर गेली तर ती वर गेली की खाली, हे कळायला काही मार्ग उरत नाही. परवानगी असेल तर टार्गेट २५ मीटरवर लावावे. रायफल वाळूच्या पिशवीवर ठेवावी, बोल्ट काढून मागून नळीतून पाहावे आणि टार्गेटचा काळा गोल नळीच्या मध्यभागी येईल तशी ती हलवावी. मग रायफल न हलवता माशीतून किंवा दुर्बिणीतून पाहावे आणि तीही त्याच गोलावर येईल तोवर तिच्या चाकाचे क्लिक (टक् टक् करत सरकणारे टप्पे) फिरवावेत. एवढे केले की पहिली गोळी कागदावर कुठेतरी नक्की सापडते, आणि एकही काडतूस खर्च होत नाही.

नंतर एकच काडतूस घालावे. मॅगझीन असलेल्या रायफलीतही पहिल्या दिवशी एकच. श्वास अर्धा सोडावा, चापावर दाब हळूहळू वाढवावा आणि आवाज झाल्यावरही दोन सेकंद माशीवरची नजर हलवू नये. पहिल्या पाच-सात गोळ्या मोजायच्या नाहीत, कारण कोरड्या साफ नळीत मेणाचा आणि शिशाचा पातळ थर बसून ती स्थिर होईपर्यंत गोळ्या थोड्या इकडेतिकडे जातात. त्यानंतर पाच गोळ्या एकाच जागी नेम धरून झाडाव्यात आणि मधे काहीही फिरवू नये. इथे नवख्याचा धीर सुटतो. पहिली गोळी डावीकडे लागली की तो क्लिक फिरवतो, दुसरी उजवीकडे लागते, तो परत फिरवतो, आणि शेवटी चूक रायफलीची होती की हाताची हे कोणालाच सांगता येत नाही. दुरुस्ती एका छिद्रावरून करायची नसते, पाच छिद्रांच्या मध्यावरून करायची असते.

हिशेब सोपा आहे. पाव मिनिटाच्या (इथे मिनिट म्हणजे कोनाच्या अंशाचा साठावा भाग) क्लिकची दुर्बीण असेल तर एका क्लिकला गोळी २५ मीटरवर सुमारे १.८ मिलिमीटर आणि ५० मीटरवर सुमारे ३.६ मिलिमीटर सरकते. ५० मीटरवर पाच गोळ्यांचा मध्य २२ मिलिमीटर डावीकडे आणि १५ मिलिमीटर खाली आला, तर सहा क्लिक उजवीकडे आणि चार क्लिक वर. डायॉप्टरचा क्लिक किती सरकवतो ते त्याच्या पुस्तिकेत असते. मात्र डायॉप्टरवरच्या अक्षरांनी भल्याभल्यांना चकवले आहे. काही जर्मन बनावटींवर चाकाशेजारी 'एच' आणि बाण असतो. 'होख' म्हणजे उंच. त्याचा अर्थ 'गोळी वर न्यायची असेल तर' असा नसून 'गोळी वर लागत असेल तर इकडे फिरवा' असा असतो. मी स्वतः पहिल्या दिवशी तो उलटा वाचला आणि वीस क्लिकनंतर माझ्या गोळ्या टार्गेटच्या चौकटीत शिरल्या. आता नव्या डायॉप्टरला मी आधी दहा क्लिक एका दिशेला देतो, तीन गोळ्या झाडतो आणि वहीत बाण काढून ठेवतो.

२५ मीटरवर मध्य जुळला की ५० मीटरवर जावे. तिथे दहाच्या वर्तुळाचा व्यास अवघा १०.४ मिलिमीटर असतो, म्हणजे आपल्या करंगळीच्या नखाएवढा, आणि पहिल्या दिवशी त्यात गोळी गेली तर आनंद मानावा, नाही गेली तर तिकडे लक्ष देऊ नये. पाहायचे ते एवढेच की पाच गोळ्या एकमेकींच्या जवळ पडतात का. वाळूच्या पिशवीवरून झाडलेल्या गोळ्याही तळहाताएवढ्या पसरत असतील तर क्लिकला हात न लावता आधी दस्त्याचे आणि दुर्बिणीचे स्क्रू तपासावेत, मग काडतुसांचा लॉट बदलून पाहावा, आणि मगच स्वतःवर शंका घ्यावी. हा क्रम उलटा वाटेल, पण स्क्रू तपासायला दोन मिनिटे लागतात आणि स्वतःला तपासायला वर्षे.

चाप ओढला आणि आवाज झाला नाही, तर रायफल खांद्यावरून न उतरवता, तोंड टार्गेटकडे ठेवून, मनात सावकाश तीस आकडे मोजावेत. मिश्रण उशिरा पेटण्याची शक्यता असते. मग बोल्ट उघडून ते काडतूस रेंज ऑफिसरच्या हाती द्यावे, खिशात घालू नये. याहून जास्त घातक असतो तो नेहमीपेक्षा बारीक, फुस्स असा आवाज. त्यात गोळी नळीतच अडकलेली असू शकते आणि तिच्या मागून दुसरी झाडली तर नळी फुगते किंवा फुटते. असा आवाज आला की तिथेच थांबून बोल्ट काढावा आणि नळीतून पलीकडचा उजेड आरपार दिसतो का ते पाहावे.

वारा आणि ऊन

आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या सकाळी या कामाला सर्वांत चांगल्या. एप्रिल-मे मध्ये नऊनंतर जमिनीवरून झळा उठू लागतात आणि दुर्बिणीत काळा गोल पाण्यात ठेवल्यासारखा डुलताना दिसतो. तो खरोखर जिथे आहे तिथे दिसत नसतो, म्हणून अशा वेळी केलेली दुरुस्ती दुसऱ्या दिवशी सकाळी चुकीची निघते. वाऱ्याचेही तसेच. हॉलमधल्या १० मीटरच्या रेंजवर वाढलेल्या मुलाला वारा ठाऊकच नसतो, आणि ५० मीटरवर टॉवेल हलवणाऱ्या वाऱ्यानेही ही हलकी, संथ गोळी एखाद-दुसरे वर्तुळ सहज सरकते. रेंजवरच्या झेंड्यांकडे पाहून प्रत्येक पाच गोळ्यांसोबत वारा कुठून होता ते लिहावे. झेंडा पडला की झाडावी, उठला की थांबावे, एवढे पहिल्या दिवसासाठी बास.

परतताना

शेवटच्या गोळीनंतर बोल्ट उघडून कक्ष स्वतः पाहावा आणि रेंज ऑफिसरला दाखवावा, मग फ्लॅग घालून पेटी बंद करावी. रिकाम्या पुंगळ्या मोजून रेंजने सांगितलेल्या डब्यात टाकाव्यात. उरलेली काडतुसेही मोजावीत आणि आकडा वहीत लिहावा, कारण परवानाधारकाला वापरलेल्या काडतुसांचा हिशेब विचारला जाऊ शकतो. जेवणाचा डबा उघडण्यापूर्वी हात आणि तोंड साबणाने धुवावे. गोळी शिशाची, मिश्रणातही बहुधा शिसे, आणि ते बोटांवरून भाकरीवर आणि भाकरीवरून पोटात जाते. सरावाचा शर्ट घरी लहान मूल कडेवर घेण्याआधी बदलावा.

घरी आल्यावर नळीतून एक-दोन कोरड्या चिंध्या फिरवणे पुरेसे असते, मात्र पावसाळ्यात तेलाचा पुसट हात द्यावा आणि पुढच्या वेळी पहिल्या गोळीआधी तो पुसून टाकावा. रायफल, बोल्ट आणि काडतुसे वेगवेगळ्या कुलपांत ठेवावीत आणि किल्ल्या मुलांना ठाऊक असलेल्या जागी, म्हणजे देवघरातल्या डब्यात, ठेवू नयेत. वहीत तारीख, लॉट क्रमांक, अंतर, वारा आणि क्लिकची अंतिम जागा लिहून त्या पानाला दिवसाचे टार्गेट टाचावे. माझ्या पहिल्या टार्गेटवर वीस छिद्रे आहेत आणि त्यातली अकरा काळ्या गोलाच्या बाहेर आहेत. त्याच कागदाच्या कोपऱ्यात डायॉप्टरचा तो उलटा बाण काढलेला आहे, आणि आजही नव्या मुलाला एचचा अर्थ सांगताना मी तोच कागद पुढे करतो.